जारवामाँची माती

हनीफचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका गासडीला सलाम करत होते.

पांढऱ्या प्लास्टिकात आवळून बांधलेली, कमरेइतकी उंच गासडी. त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला. हळूच म्हणाले, "अस्सलाम आलेकुम, माँ. थंडी कशी हाय तिकडं?" मग खिशातला चाकू काढला आणि तिचं पोट सरळ फाडलं.

मी दारातच थांबलो. चिपळूणहून आलेला, मराठी साहित्याचा पदवीधर, नोकरीचा पहिला दिवस.

"तू रोशन कय? स्टोरवाला?" त्यांनी मागे न बघता विचारलं. "ये. माँला भेट."

सौदीतल्या हुफूफ शहराबाहेर, खजुरांच्या बागा संपून वाळू सुरू होते तिथे आमची रोपवाटिका होती. लांबलचक हरितगृहं, भिंतीला गारव्यासाठी ओल्या पुठ्ठ्याच्या जाळ्या, दिवसभर घोंघावणारे पंखे. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, कलिंगडाची रोपं इथे वाढायची आणि शेतांवर जायची. शहराच्या चौकांत लावायची फुलंही आमचीच. आम्ही नऊ जण मागच्या कॅम्पात राहायचो. हनीफचाचा आमचे मुकादम. आडनावही मुकादमच. "घरून निघतानाच बढती घेऊन आलो," असं ते म्हणायचे.

गासडीतून जे बाहेर पडलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तपकिरी, भुसभुशीत, तुसासारखं हलकं. मुठीत धरलं की बारीक धागे हाताला लागत. वास जुन्या विहिरीसारखा. हे पीटमॉस. थंड देशातल्या दलदलीत हजारो वर्षं शेवाळ साचतं, दबतं, काळं पडतं. ते कापून, वाळवून, आवळून जगभर पाठवतात. रोपांना मऊ बिछाना म्हणून. अरबीत 'प' नाही, म्हणून सौदी गिऱ्हाईक त्याला 'बीतमोस' म्हणे. बिलावर पीटमॉस लिहिलेलं असे. आमच्या कॅम्पात मात्र त्याचं एकच नाव होतं. जारवामाँ.

कारण गासडीवर हिरव्या ठळक अक्षरांत तेच छापलेलं होतं. अक्षरं इंग्रजी, पहिल्या 'ए'वर दोन टिंबं. खाली डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईचं चित्र. तिच्या हातात टोपली. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, एस्टोनिया.

"ही तिकडची जमीनदारीण," चाचांनी मला सांगितलं. "विधवा हाय. पोरं शहरात गेली. हिच्याकडं दलदल एवढी, पण त्यात भात होत नाय, कय होत नाय. मग माती विकते बिचारी."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझ्या आधीच्या मुकादमाने. गुहागरचा होता."

"आणि त्यांना?"

"त्याला त्याच्या आधीच्याने."

लोककथा कशी तयार होते यावर मी परीक्षेत चार पानं लिहिली होती. तिला पाणी मारताना कोणाला पाहिलं नव्हतं.

चाचा दाभोळ खाडीकाठच्या गावचे. तरुणपणी आंब्याची कलमं बांधायचे. बावीस वर्षांपूर्वी इथे आले. आता भोपळ्याच्या खुंटावर कलिंगडाची शेंडी बांधायचे. बोटांएवढी रोपं, केसाएवढा काप. डाव्या अंगठ्यावर चाकूच्या बारीक रेघांचं जाळं झालेलं. गावी आबिदाचाची होत्या आणि मुलगी सादिया. सादिया दापोलीला शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. ती पास झाली की दोघांनी मिळून गावात रोपवाटिका काढायची, असं बापलेकीचं ठरलेलं. रोज दुपारी फोनवर त्याच गप्पा. शेड कुठं घालायचं, पाणी कुठून आणायचं. मधेच सादिया इंग्रजी शब्द वापरी आणि चाचा म्हणत, "मराठीत बोल गो, पैसे भरलेयत मराठी शाळेत."

मला ते 'मास्तर' म्हणायचे. मी कधी कोणाला काही शिकवलं नव्हतं.

*

ते २०१८ साल होतं. सरकारने कंपन्यांना रंग दिले होते. कंपनीत सौदी माणसं पुरेशी असली की हिरवा. कमी पडली की लाल. लाल कंपनीत परदेशी माणसाचा इकामा नव्याने होत नसे. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो संपला की विमान.

आमची रोपवाटिका हिरव्याच्या काठावर उभी होती. एक सौदी माणूस कमी झाला की लाल. आधी दोन मुलगे येऊन गेले होते. पहिल्याला फाटकावर खुर्ची दिली, तो महिनाभर तिथे झोपला आणि निघून गेला. दुसऱ्याला वास सहन झाला नाही. आता तिसरं माणूस आलं होतं. ती मुलगी होती. अफनान. शेतकीची पदवी घेतलेली. तिला चाचांच्या जागेवर घ्यायचं, चाचांनी तिला काम शिकवायचं, असा कफीलचा हुकूम. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आमचे सगळ्यांचे इकामे होते तो मालक. चाचा कागदावर माळी होणार होते.

चाचांचा इकामा डिसेंबरात संपत होता. सादियाची परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात.

"म्हणजे तुमची जागा तिला द्यायची," मी म्हटलं, "आणि ती टिकली तरच तुम्ही टिकणार?"

"हां."

"आणि ती गेली तर?"

"मी पण गेलो. तू पण. सगळीच." ते एक काप जुळवत होते. क्लिप लावून त्यांनी रोप ट्रेमध्ये ठेवलं. "एवढं दचकतंस कशाला, मास्तर? कलम असंच असतं. खुंट एकाचा, शेंडी दुसऱ्याची."

"आन बांधनारा तिसराच," पलीकडून धोंडीराम म्हणाला. "त्येला आंबा कदी गावत न्हाई."

धोंडीराम साताऱ्याकडचा. पंप, पाइप आणि पाण्याच्या टाक्या त्याच्याकडे. तोंडही.

अफनान स्वतः गाडी चालवत आली. त्याच उन्हाळ्यात बायकांना परवाने मिळायला लागले होते. धोंडीराम टाकीवर उभा राहून तिची गाडी मागे-पुढे होत जागेला लागताना बघत राहिला आणि खाली अख्खी मिरची बुडाली. ती उतरली. काळा अबाया, चेहऱ्यावर नकाब, वर जाड चष्मा, पायात रबरी बूट. बूट बघून चाचा खूश झाले. "ही राहील," म्हणाले.

चाचांच्या अरबीत क्रियापदं नव्हती. ते वस्तूंची नावं घेत आणि बाकीचं हातांनी सांगत. पहिल्या दिवशी त्यांनी भिजवलेली माती मुठीत धरली आणि दाबली. बोटांच्या फटींत पाण्याचे थेंब उभे राहिले, पडले नाहीत. "हादा तमाम," चाचा म्हणाले. हे ठीक. मग आणखी ओली मूठ घेतली. पाणी मनगटावरून ओघळलं. "हादा मौत." अफनानने स्वतः मूठ भरून पाहिली. पुन्हा पाहिली. मोबाइलवर काहीतरी लिहून घेतलं.

तिच्या नावाचा अर्थ फांद्या, हे चाचांना माहीत होतं. त्यांनी तो मला दोनदा सांगितला.

पण बाकी आम्ही तिच्याशी बोलत नव्हतो. बाईमाणूस, त्यात सौदी, त्यात उद्याची मुकादम. ती आली की माना खाली. हसणं बंद. ती दुसऱ्या हरितगृहात गेली की पुन्हा हिंदी-मराठी सुरू. आम्हाला वाटे आपण अदब राखतोय.

आणि त्या सगळ्या बोलण्यात एक शब्द तिच्या कानावर सारखा पडत होता.

*

नोव्हेंबरात एका सकाळी दम्माम बंदरावरून कंटेनर आला. ट्रक फाटकातून आत शिरला तो नेमका अफनानच्या गाडीच्या मागोमाग. धोंडीराम टाकीवर होता.

"आली रे आली!" तो ओरडला. "जारवामाँ आली!"

सगळे धावले. गासड्या त्या वेळी मोठ्या आकाराच्या होत्या. धोंडीराम वरूनच म्हणाला, "अरे, इस बार तो बहुत मोटी आयी है!" हशा झाला. कोणीतरी म्हणालं, "चलो, लात मारके तोडो, फिर पानी मारो." रोज हेच चालायचं. आवळलेली गासडी लाथ मारल्याशिवाय सुटत नाही.

अफनान गाडीतून उतरली. उभी राहिली. आमच्याकडे बघितलं. आमच्या माना खाली गेल्या, पण हसू तोंडावर राहून गेलं.

दुपारपर्यंत तिने काम केलं. एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

मग मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, आम्हाला ऑफिसात बोलावलं. तो इंग्रजीतून ओरडत होता आणि मी भाषांतर करत होतो. मधेच माझं भाषांतर थांबलं.

"कय म्हणतो?" चाचांनी विचारलं.

"विचारतोय, तिला कुत्र्याच्या पिल्लाची आई कोण म्हणालं?"

चाचांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. "कोण म्हणालं रे?"

कोणीच म्हणालं नव्हतं. मुदीर तिचा मेसेज वाचत होता. त्याने तो शब्द मोठ्याने उच्चारला. जर्वा-माँ.

अरबीत जर्वा म्हणजे कुत्र्याचं मादी पिल्लू. 'माँ' काय ते अफनानला ठाऊक नव्हतं. तिच्या घरी हैदराबादची मुन्नी कामाला होती. तिने सांगितलं, माँ म्हणजे उम्म, आई. 'मोटी'चा अर्थही मुन्नीनेच सांगितला. लात आणि पाणी यांचाही.

धोंडीराम फस्सकन हसला. मग त्याने चाचांचा चेहरा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

चाचा खुर्चीत बसले. "पोरीला दोन महिने असं वाटत होतं?" ते म्हणाले. "आणि ती रोज येत होती?"

मुदीर म्हणाला, तिने राजीनामा अजून दिलेला नाही, पण रविवारी देणार आहे. दिला की कंपनी लाल. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "यल्ला, सगळ्यांना सांग. सामान बांधा."

*

"मी जातो तिच्या घरी," बाहेर आल्यावर चाचा म्हणाले. "सांगतो, जारवामाँ कोण ते."

"काय सांगाल?"

"हेच. बाय हाय. विधवा हाय. माती विकते."

"त्यांना पटायला हवं ना, चाचा. काहीतरी दाखवायला लागेल. तिचा फोटो, पत्ता."

"मग काढ. तुमच्या मोबाइलात सगळं असतं."

मी गासडीवरची अक्षरं जशीच्या तशी टाकली. टिंबांसकट. सावलीत पालथ्या ट्रेवर बसून वाचलं. पुन्हा वाचलं.

"सापडली?" चाचा वाकून बघत होते.

"चाचा, ती बाई नाही."

"म्हणजे?"

"जिल्हा आहे."

पंखे घोंघावत होते.

"उच्चार यार्वामा असा आहे. आणि माँ म्हणजे आई नाही. त्यांच्या भाषेत मा म्हणजे जमीन. माती. देश. सगळ्याला एकच शब्द."

"यार बी हाय आन माँ बी हाय," धोंडीराम पुटपुटला.

"गप रे," चाचा म्हणाले. मग मला म्हणाले, "बायच नाय?"

"नाही."

"आणि मग हे चित्र?"

"चित्र आहे नुसतं. आपल्याकडे तांदळाच्या पोत्यावर असतं तसं."

ते बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. मग खाली बसले. "वाच," म्हणाले. "सगळं वाच. जायचं तर नीट माहीत पाहिजे."

मी वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. एस्टोनियाच्या अगदी मध्यावर हा जिल्हा. देशाला समुद्र आहे, बेटं आहेत, पण या जिल्ह्याला किनारा नाही. सपाट जमीन. खाली चुनखडीचा दगड. जंगलं, कुरणं आणि दलदली. हिवाळाभर बर्फ. जंगलात अस्वलं. यार्व म्हणजे तळं, पण जिल्ह्यात मोठी तळी फारशी नाहीत.

"मग गेली कुठं?"

"भरून आली असतील. शेवाळ साचून तळ्याची दलदल होते, असं लिहिलंय. वर्षाला साधारण एक मिलिमीटर."

चाचांनी जमिनीवर सांडलेली चिमूटभर माती उचलली. बोटांत चोळली. "म्हणजे ही नूह पैगंबराच्या महापुराच्या वेळची असायची," म्हणाले. "आणि मी लात मारतो."

लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास. ऐकून धोंडीरामला खरं वाटेना. आमचं चिपळूण शहरसुद्धा त्याहून मोठं. आणि जागा केवढी, तर दापोली, मंडणगड, गुहागर तिन्ही तालुके आत मांडले तरी उरेल. तीही माणसं दरवर्षी कमी होत होती. तरुण मुलं राजधानीला जातात. नाहीतर समुद्र ओलांडून फिनलंडला. कामाला.

"तिथं बी कफील असतो का?" धोंडीरामने विचारलं.

"पोरं शहरात गेली," चाचा हळूच म्हणाले. "हे मी तुना सांगितलं होतं की नाय?"

सांगितलं होतं. मी मान हलवली.

मुख्य गाव पाइडे. तिथे दगडी किल्ला, किल्ल्यात उंच बुरूज. १९४१ साली माघार घेणाऱ्या रशियन फौजेने तो उडवला. युद्धानंतर पुष्कळ माणसांना सायबेरियात नेऊन टाकलं. १९९३ साली लोकांनी तो बुरूज पुन्हा उभा केला. त्याच दगडाचा, तसाच. त्याच्याही आधी, पावणेसातशे वर्षांपूर्वी, एस्टोनियाच्या शेतकऱ्यांनी जर्मन सरदारांविरुद्ध बंड केलं. त्यांनी आपल्यातले चार राजे निवडले. सरदारांनी त्या चौघांना याच किल्ल्यात बोलणी करायला बोलावलं.

"मग?"

"मारून टाकलं."

"बोलायला बोलावून?"

"हो."

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मास्तर," ते म्हणाले, "ही गोष्ट शनवारी सांगितली असतीस तर चाललं असतं. आज बुधवार हाय आणि मना शुक्रवारी बोलायला जायचंय."

*

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर आम्ही दोघं पिकअप घेऊन निघालो. मागे एक गासडी बांधलेली. अफनानच्या वडिलांची छोटी खजुराची बाग होती. कालव्याच्या कडेने रस्ता. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, भिंतींवरून डोकावणारे माड. चाचा त्यांना माडच म्हणत.

"मास्तर, चार होते ना ते राजे?"

"हो."

"आपण दोनच हाव. निम्मं पाप."

हसायला आलं नाही. त्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. खिशात इकामा होता. त्यांनी तो सकाळपासून दोनदा काढून पाहिला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता, सादियाने गेल्या सुटीत दिलेला.

वडील उंच, बारीक, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी आम्हाला बैठकीत बसवलं. गालिचा, लोड, मधे तबक. बोलले नाहीत. छोट्या कपांत गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला. आम्ही प्यायलो. मग त्यांनी तबक आमच्याकडे सरकवलं आणि एकच शब्द उच्चारला.

"खलास."

मला तो शब्द पक्का माहीत होता. मुदीर दिवसातून दहा वेळा म्हणे. संपलं. बस. निघा. मी उठून उभा राहिलो.

चाचांनी माझा शर्ट धरून खाली ओढलं. "बस खाली," ते दातांतून म्हणाले. "खजुराचं नाव हाय ते. इथली नावाजलेली जात."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं. दाढीच्या आत काहीतरी हललं. "तो खा," ते इंग्रजीत म्हणाले. "मग जा."

मी खाल्ला. इतका गोड खजूर मी त्याआधी खाल्ला नव्हता.

चाचांनी बाहेर जाऊन गासडी आणली. गालिच्यापासून लांब, उंबऱ्यापाशी ठेवली. अक्षरं वडिलांच्या बाजूला वळवली. "हादी जारवामाँ," ते म्हणाले. "हादी. मू बिन्त." ही. मुलगी नव्हे.

वडील उठून आले. चष्मा लावून त्यांनी एकेक अक्षर वाचलं. मी मोबाइलवर नकाशा दाखवला आणि इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग प्रश्न सुरू केले. मला वाटलं होतं ते शिवीबद्दल विचारतील.

"पाणी आहे?"

"पुष्कळ. जास्तच."

"खजूर?"

"नाही."

"एकही नाही? मग खातात काय?"

"राय नावाचं धान्य. बटाटे. दूध."

त्यांनी मान हलवली. त्यांना त्या लोकांचं वाईट वाटलं असावं. त्यांनी वाकून फाटलेल्या कोपऱ्यातून माती काढली. वास घेतला. "आमच्या इथले झरे असा वास द्यायचे," म्हणाले. "मी लहान असताना."

आतल्या दारात अफनान उभी होती. कधी आली ते कळलं नाही. ती माझ्याशी इंग्रजीत बोलली, पण बघत चाचांकडे होती.

"मला नाव वाचता येतं," ती म्हणाली. "गासडीवर ते लिहिलेलं असतं हे काल मोबाइलवरच्या जुन्या फोटोत माझ्याही लक्षात आलं. म्हणजे शिवी नव्हती. बरं. पण यांना विचार. हे रोज सकाळी त्या गासडीला सलाम करतात. मी पाहिलंय. मला एकदाही केला नाही. गासडी आली की सगळे हसता. मी आले की सगळे जमिनीकडे बघता. मग मला काय वाटायला हवं होतं?"

मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द लावून केलं, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

चाचा ऐकत होते. मग माझ्याकडे वळले. "सांग तिला," म्हणाले, "तिला हाक कशी मारायची ते आमच्यात कुणाला ठावक नव्हतं. मुश्रिफा, म्हणजे मुकादमीण, म्हणावं तर माझा जीव व्हायचा नाय, ती जागा माझी होती. बेटी म्हणावं तर तिला राग यायचा. म्हणून गप्प होतो. अदब म्हणून नाय. सोपं होतं म्हणून."

मी सांगितलं. 'ती जागा माझी होती' हे सांगू की नको असं क्षणभर झालं. तेही सांगितलं.

"नाव आहे ना मला," अफनान म्हणाली.

चाचा उभे राहिले. छातीवर हात ठेवला.

"अस्सलाम आलेकुम, अफनान," ते म्हणाले.

तिने उत्तर दिलं. वडिलांनी पुन्हा गहवा ओतला. परत येताना गासडी आमच्याबरोबर नव्हती. ती त्यांनी भेंडीसाठी ठेवून घेतली.

*

रविवारी सकाळी फाटकाशी आम्ही आठ जण उभे होतो, नववा टाकीवर. चाचांनी सगळ्यांना तालीम दिली होती. लहान गाडी आत आली, मागे-पुढे होत जागेला लागली. ती उतरली.

"अस्सलाम आलेकुम, अफनान!" शाळेतल्या पोरांसारखे आम्ही एका सुरात म्हणालो. धोंडीराम थोडा मागे पडला. तो टाकीवरून म्हणाला.

तिने उत्तर दिलं. एकेकाकडे बघून दिलं. मग ती शेडकडे गेली. तिथे लाथा मारून मोकळी केलेली माती ढिगाने पडली होती. कोरडी. दोन दिवस कोणाचं कामात लक्ष नव्हतं. तिने मूठ भरली, दाबली, उघडली. धूळ उडाली.

ती वळली. चष्मा सारखा केला. आणि मुन्नीकडून घासूनपुसून आणलेल्या हिंदीत टाकीकडे बघून ओरडली,

"धोंडीराम! जारवामाँ को पानी मारो!"

*

कंपनी हिरवी राहिली. डिसेंबरात चाचांचा इकामा एका वर्षासाठी झाला. त्यावर माळी लिहिलं होतं. त्यांनी ते मला वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाले, "आडनावात मुकादम हाय, ते कोण काढणार?" त्या हिवाळ्यात अफनान कलम बांधायला शिकली. तिचं पहिलं जगलेलं कलिंगड आम्ही सगळ्यांनी उभ्याउभ्या खाल्लं. स्टोअरच्या दारावर तिने त्या जिल्ह्याचा नकाशा चिकटवला. तुरी नावाच्या गावात दर मे महिन्यात फुलझाडांची मोठी जत्रा भरते, हे तिनेच शोधलं. तिला तिथे जायचं आहे. अजून जायचं आहे.

सलाम थांबला नाही. आता कोणाला करता, असं मी एकदा चाचांना विचारलं.

"तीस हजारांना," ते म्हणाले. "एकेकाला कुठं करत बसू?"

सादिया उन्हाळ्यात पास झाली. वर्ष संपताना चाचा गावी गेले. मी नंतर रजेवर गेलो तेव्हा त्यांच्याकडे जाऊन आलो. खाडीच्या वरच्या अंगाला, कातळ फोडून केलेल्या सपाट जागेत हिरव्या जाळीचं शेड. आंब्याची, काजूची, सुपारीची रोपं. पीटमॉस तिथे कुठून येणार? नारळाच्या सोडणाचा भुसा भिजवत सादिया बसली होती. मूठ दाबून बघत होती. फाटकावर नवी पाटी. जारवामाँ रोपवाटिका.

मी पाटीखाली उभा राहिलो.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ रोपं न्यायला आले. त्यांनी पाटी वाचली. कपाळाला बोटं टेकवून अदबीने विचारलं, "हनीफ, ही कुठली रे पीरमाँ? दर्गा कुठं हाय हिचा?"

चाचा रोपाची पिशवी बांधत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"पीर नाय ओ," ते म्हणाले. "जिल्हा हाय."